घराचा सातबारा एकाच्याच डोक्यात

२०२५च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्राच्या महसूल खात्याने गावोगावी मेलेल्या माणसांची यादी करायला घेतली. मोहिमेचं नाव 'जिवंत सातबारा'. आधी बुलढाणा जिल्ह्यात ती करून पाहिली आणि मग राज्यभर नेली. काम ऐकायला साधं होतं. तलाठ्याने, म्हणजे हल्लीच्या सरकारी भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याने, चावडीवर सातबारा वाचायचा, कोणकोणते खातेदार आता हयात नाहीत ते गावाला विचारायचं आणि त्यांच्या जागी वारसांची नावं लावून घ्यायची.

सरकारवर ही वेळ आली, कारण राज्यातल्या असंख्य शेतांचे मालक कागदोपत्री अजून आजोबा-पणजोबाच आहेत. शेत नातू कसतो, खत नातू आणतो, कर्ज मागायलाही तोच जातो, आणि उताऱ्यावर नाव मात्र कधीच गेलेल्या म्हाताऱ्याचं असतं. मग पीककर्ज अडतं, नुकसानभरपाई अडते, रस्त्यात जमीन गेली तर मोबदलाही अडतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने आलेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. हा कायदा १९६६चा आहे. साठ वर्षांतही तो अंगवळणी पडला नाही, याचं खापर नेहमी आळसावर फोडलं जातं. भाऊबंदकी हेही एक कारण आहे आणि तलाठी कार्यालयातले हेलपाटे हे दुसरं. पण पुष्कळ घरांत अडचण त्याच्याही आधी सुरू होते. वारसनोंदीचा अर्ज करायला गट क्रमांक लागतो, आणि गट क्रमांक ज्याला ठाऊक होता तोच गेलेला असतो.

शहरातल्या वाचकाने हे वाचून गावाला हसू नये. त्याच्या घरची गोष्ट वेगळी नाही, फक्त शेताच्या जागी मुदतठेव आहे. दहा वर्षं ज्या बँक खात्याला किंवा ठेवीला कोणी हात लावला नाही, तिथली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग होते. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८ हजार २१३ कोटी रुपये जमलेले होते. सलग सात वर्षं लाभांश न घेतलेल्या शेअर्ससाठी निराळा निधी, विमा कंपन्यांकडे पडून असलेल्या रकमांचा निराळा हिशेब. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्र सरकारने गांधीनगरहून 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही मोहीम सुरू केली, तेव्हा अर्थमंत्र्यांनी अशा सगळ्या बेवारस पैशाचा आकडा १ लाख ८४ हजार कोटी रुपये सांगितला. या पैशावरचा हक्क बुडत नाही, कागद दाखवले की पैसा परत मिळतो. पण तो मागायला येणाऱ्याला तो आहे हे आधी माहीत असावं लागतं.

आता यावर सल्ल्यांचा तोटा नाही. फाइल करा, कप्पे करा, यादी करा, अमुक अॅप घ्या. हे सल्ले देणाऱ्यांना वाटतं की मराठी घरांत कागद नीट ठेवले जात नाहीत. वस्तुस्थिती उलट आहे. मराठी मध्यमवर्गीय माणूस कागद जिवापाड सांभाळतो. गोदरेजच्या कपाटातल्या आतल्या कप्प्यात, साडीच्या दुकानाच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत, पिशवीला रबरबँड, आत १९८७ची रेडिओची पावतीसुद्धा असते. कागद असतात. किल्लीही असते. फक्त त्या पिशवीत काय आहे आणि त्यातलं काय कशासाठी, हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि ते दुसऱ्या कोणाला ठाऊक असावं असं त्याला कधी वाटलेलं नसतं. हा अव्यवस्थितपणाचा प्रश्न नव्हे. घरातली माहिती कोणाची, हा प्रश्न आहे. ती घराची असायला हवी. बहुतेक घरांत ती कर्त्या पुरुषाची असते.

हे सर्वांत निर्दयपणे उघडं पडलं ते करोनाच्या काळात. सरकारी नोंदीप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार माणसं त्या साथीत गेली. त्यांत तिशी-चाळिशीतले कमावते पुरुष पुष्कळ होते. अॅम्ब्युलन्समधून जाताना कोणी बायकोला पॉलिसीचा नंबर सांगत नाही, आणि आत गेल्यावर अनेकांना फोनही हाती घेता आला नाही. मागे राहिलेल्या बायकांना ज्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली ते वाचले तरी पुरे: यांचं खातं कोणत्या शाखेत होतं? पगाराचं खातं वेगळं होतं का? घराच्या कर्जाला विमा जोडलेला होता का? कोणाला पैसे द्यायचे होते, कोणाकडून यायचे होते? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या कुटुंबांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य जाहीर झालं, राज्याने विधवांसाठी 'मिशन वात्सल्य' काढून तालुक्यातालुक्यांत समित्या नेमल्या. या बायकांसोबत जे कार्यकर्ते फिरले, त्यांचा बराच वेळ शिधापत्रिका, आधार, बँकेचं खातं, वारसाचा दाखला या कागदांच्या मागे गेला. दुःख करायला सवड नव्हती. आधी चाचणीचा अहवाल शोधायचा होता.

आणि गंमत अशी की पुष्कळदा मोठ्या रकमांचा पत्ता अगदी क्षुल्लक आकड्यांत दडलेला असतो. पासबुकात दर वर्षी मेअखेरीच्या सुमारास ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना असते, आणि मृत्यूचं कारण काहीही असलं तरी कुटुंबाला दोन लाख रुपये मिळू शकतात. वजा झालेले २० रुपये असतील तर ती अपघाती विम्याची सुरक्षा योजना, तिथेही अपघाती मृत्यूला दोन लाख. जुन्या पासबुकात हेच आकडे ३३० आणि १२ असे दिसतील. खातं उघडताना बँकेतल्या कारकुनाने पुढे केलेल्या फॉर्मवर सही केली, हे खातेदारही विसरलेला असतो, मग घरच्यांना कोठून कळणार? खासगी कंपनीत भविष्यनिर्वाह निधी कापला जाणाऱ्या नोकरदाराचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्या निधीला जोडलेल्या विम्यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. त्यासाठी त्याच्या पगारातून वेगळा एक पैसाही कापला जात नाही, आणि म्हणूनच पगारपत्रकात त्याचा मागमूस नसतो. शेतकऱ्याच्या घरासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. विहिरीत पडून, साप चावून, वीज कोसळून मृत्यू झाला तर त्यातूनही दोन लाख रुपये मिळतात. पण तो अर्ज वेळेच्या मर्यादेत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पोचवावा लागतो. घरात तेराव्याची तयारी चाललेली असताना हे आठवणार कोणाला? ज्याने कुठे तरी आधी लिहून ठेवलं असेल त्यालाच.

लिहून ठेवणं म्हटलं की लोक पटकन म्हणतात, 'आमचं नॉमिनेशन झालेलं आहे.' हा समज तर गैरसमजांचा राजा आहे. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा. तो मालक झालाच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८३मध्येच सांगितलं. नंतर शेअर्सबद्दल उलटसुलट निकाल येत राहिले आणि तो गोंधळ मिटला तो १४ डिसेंबर २०२३ला. ज्या खटल्यात तो मिटला तो मराठी वाचकाला परका नाही. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या मालमत्तेवरून उभा राहिलेला हा वाद होता. त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं, काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमलेले होते, आणि दोन्हींत थोरला कोण हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. न्यायालयाने सांगितलं की नॉमिनेशनमुळे वारसाहक्काचा कायदा बाजूला सरत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरेल. विम्यात २०१५च्या दुरुस्तीने अपवाद केला आहे. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचाच हक्क. हाउसिंग सोसायटीत मात्र नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. एकाच माणसाच्या एकाच पिशवीतल्या तीन कागदांवर 'नॉमिनी' हा एकच शब्द छापलेला, आणि तिन्हीकडे त्याचा अर्थ निराळा.

१ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला एकाऐवजी चार नॉमिनी नेमता येतात. सोय चांगली आहे. पण लग्नाआधी आईला नॉमिनी केलेलं खातं लग्नानंतर वीस वर्षं तसंच राहिलेलं असणं ही घरोघरची गोष्ट आहे, आणि आई जाऊन दहा वर्षं झालेली असतात. चार रकाने दिल्याने जुना रकाना आपोआप सुधारत नाही.

मृत्युपत्राबद्दल तर बोलायलाच नको. साध्या कागदावर लिहिलेलं, दोन साक्षीदारांनी सह्या केलेलं मृत्युपत्र कायद्याने चालतं; त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. बंद पाकिटात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायद्यात १९०८पासून आहे. गोव्याची तऱ्हा निराळी. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा २०१२च्या वारसा कायद्यात पुढे आली. लग्नाबरोबर बहुतेक जोडप्यांची मालमत्ता समाईक होते, मुलांचा वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, आणि वाटणीसाठी न्यायालयात 'इन्व्हेंटरी' दाखल झाली की घरातल्या एकाला सगळ्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. म्हणजे गोव्यात यादी करणं टळत नाही. फक्त ती मेल्यानंतर आणि वकिलाची फी भरून करायची, की हयातीत एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून, एवढाच काय तो पर्याय राहतो.

मात्र हा विषय मृत्यूपुरता ठेवला की तो हमखास पुढे ढकलला जातो. 'आत्ताच कुठे मरतोय मी,' असं म्हणून विषय संपतो. म्हणून दर वर्षीच्या जून महिन्याकडे पाहावं. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात आणि सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास. जातीच्या दाखल्यासाठी वाडवडिलांचा एका ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. ज्या घरात मूल इंजिनीअरिंगला किंवा मेडिकलला जायचं आहे, त्या घरात या तारखा पाठ असतात. अशा वेळी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हा घरातल्या सोन्यापेक्षा मोलाचा ठरतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा शोध सुरू होतो, तोही नसेल तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. तोवर कित्येक घरांत मोडीतले कागद 'वाचता येत नाहीत, जागा अडवतात' म्हणून रद्दीत गेलेले होते.

थोरल्या मुलासाठी जमवलेली ही सगळी चळत धाकटीच्या वेळी सापडत नाही, हा तर नियमच. पडताळणी झालेल्या वडिलांच्या किंवा काकांच्या प्रमाणपत्राची एक प्रत चुलत भावंडांनाही उपयोगी पडते, पण ती काकांकडे आहे हेच पुतण्याच्या घरी ठाऊक नसतं. बोलणं बंद असतं ते वेगळंच.

कागद सापडला तरी त्यावरचं नाव जुळेल याची खात्री नाही. सातबाऱ्यावर 'दगडू', शाळेच्या दाखल्यावर 'दगडूराम', आधारवर इंग्रजी स्पेलिंगमधून परत मराठीत येताना भलतंच काही. बाईचं प्रकरण आणखी अवघड. माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं पहिलं नाव, आणि पतीच्या नावाआधी आडनाव की नंतर, याचे घोळ. राजपत्रातून नाव बदलून घेता येतं, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करता येतं. पण हे घाईत करण्याचं काम नाही. कोणत्या कागदावर नाव कसं छापलं आहे, याचा एक तक्ता आधी घरात केलेला असेल तर निम्मा त्रास वाचतो. घराची माहिती एकत्र करण्याचा सर्वांत मोठा फायदा बहुधा हाच आहे. कागद एकमेकांशेजारी ठेवले की त्यांतली भांडणं वेळेवर दिसतात.

आतापर्यंतची सगळी चर्चा पैशाची आणि कागदाची झाली, आणि ती नकळत पुरुषाच्या कपाटाभोवतीच फिरली. घरात दुसरं एक दफ्तर असतं. ते स्वयंपाकघरात असतं, बहुधा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत. गॅस कधी लावला, दुधाचे खाडे किती, बाईची सुट्टी, सासूबाईंची साखर कोणत्या तारखेला तपासली, धाकट्याला कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठलं. यातलं अर्धं लिहिलेलं असतं आणि अर्धं बाईच्या डोक्यात. ती चार दिवस दवाखान्यात राहिली की घरातल्या सुशिक्षित पुरुषाला स्वतःची रक्तदाबाची गोळी कोणत्या डब्यात आहे ते विचारावं लागतं. या माहितीला कोणी 'महत्त्वाची माहिती' म्हणत नाही, तिला फाइल नाही. पण रात्री दोन वाजता डॉक्टर जो पहिला प्रश्न विचारतो, 'कोणती औषधं चालू आहेत?', त्याचं उत्तर मुदतठेवीच्या पावतीत नसतं. घराची वही करायची तर ती या दोन दफ्तरांची मिळून झाली पाहिजे. नाही तर ती पुन्हा एका माणसाचीच होईल.

वही कशी असावी यावर फार डोकं खाजवायची गरज नाही. मराठी घरांना ही विद्या जुनीच अवगत आहे. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात एक नातेवाईक आहेराची वही घेऊन बसतो. कोणी किती दिले, भांडं की पाकीट, कोणत्या गावचे, सगळं त्याच क्षणी टिपलेलं. तीस वर्षांनी त्या घरात कार्य निघालं की वही उघडते आणि परतीचा आहेर चोख जातो. तिच्यात एकच गुण असतो, तो म्हणजे ती कोणालाही उघडून वाचता येते. तेवढं पुरे. बँक, शाखा, खात्याचा प्रकार, नॉमिनी कोण. पॉलिसी कोणती, हप्ता कधी. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन. गट क्रमांक, घराचा मालमत्ता पत्रक क्रमांक, गावातल्या घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठ. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, कारण विजेचं बिल अजून आजीच्या नावाने येत असतं. प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधं, डॉक्टर. मूळ कागद कोणत्या कप्प्यात, किल्ली कुठे. आणि सर्वांत शेवटी, पण वगळू नये असं पान: देणी-घेणी.

या पानावर पुरुष अडतात. हातउसने दिलेले, भिशीत अडकलेले, सोनाराकडे गहाण ठेवलेली पाटली, मित्राच्या कर्जाला जामीन राहून केलेली सही. यातलं निम्मं बायकोपासून लपवलेलं असतं. नवरा गेल्यावर जामिनाची नोटीस दारात येते तेव्हा तिला ते पहिल्यांदा कळतं. येणं न कळलं तर पैसा बुडतो. देणं न कळलं तर घरावर टाच येऊ शकते.

वहीत पासवर्ड आणि पिन मात्र लिहू नयेत. ओटीपी विचारून लुबाडणाऱ्यांच्या काळात अशी वही म्हणजे चोराला दिलेलं आवतण ठरेल. ती फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणं हा तर त्याहून मोठा आगाऊपणा. काय आहे आणि कुठे आहे एवढंच लिहावं. आत कसं शिरायचं हे कायदा सांगतो. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढणं सर्रास चालतं, आणि पुढे बहीणभावांच्या भांडणात तेच पहिलं हत्यार होतं. परदेशी असलेल्या मुलांचा आणखी एक भ्रम असतो. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या आईवडिलांकडून त्यांनी मुखत्यारपत्र घेतलेलं असतं आणि 'आता काळजी नाही' असं त्यांना वाटतं. मुखत्यारपत्र लिहून देणारा गेला की ते संपतं. अगदी ज्या दिवशी त्याची गरज भासते त्याच दिवशी. त्या मुलांनी कागदाच्या प्रतीपेक्षा शेजाऱ्याचा, सोसायटीच्या सेक्रेटरीचा आणि फॅमिली डॉक्टरचा नंबर घेऊन ठेवलेला बरा.

फोन आणि संगणकाला वगळण्यात अर्थ नाही. २०१५पासून चालू असलेल्या डिजिलॉकरमधले कागद मुळाइतकेच ग्राह्य धरले जातात आणि गुंतवणुकीच्या विवरणांसाठी तिथे आता नॉमिनीही नेमता येतो. गुगल आणि अॅपल या दोघांकडे आपल्या पश्चात खातं कोणाकडे जावं हे आधी सांगून ठेवण्याची सोय आहे. पण ज्या घरात सत्तरीची आई आहे, तिथे कागदाच्या वहीला पर्याय नाही. वहीची बॅटरी संपत नाही आणि ती उघडायला अंगठ्याचा ठसा लागत नाही. बँकांशी जोडलेला मोबाइल क्रमांक कोणता, एवढं तरी तिच्यात हवंच. माणूस गेल्यावर 'आता कशाला रिचार्ज' म्हणून ते सिमकार्ड आधी बंद होतं आणि मग बँकांचे सूचनावजा संदेश, विम्याच्या हप्त्यांची आठवण, सगळे धागे तुटतात.

एवढं सगळं पटूनही वही होत नाही, कारण ती मागायची कोणी? सुनेने विचारलं तर 'आत्तापासून डोळा ठेवून आहे'. मुलाने विचारलं तर 'घाई झाली वाटतं'. बायकोने विचारलं तर 'तुला काय कळतंय त्यातलं'. आणि मुलीने विचारलं, तर घरात एकदम शांतता पसरते, कारण त्या प्रश्नात हिश्श्याचा वास येतो. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि देशाने २००५मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. त्यानंतर गावोगावी हक्कसोडपत्राचा रिवाज पडला. वडील गेले की वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात, आणि पुढच्या एखाद्या राखीपौर्णिमेच्या आसपास त्यांना तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सह्या घेतल्या जातात. कित्येक बहिणी ही सही आनंदाने करतात, तो त्यांचा प्रश्न. पण आपण किती एकरांवरचा, कोणत्या गटातला, कोणत्या प्लॉटमधला हक्क सोडला, हे त्यांतल्या किती जणी सांगू शकतील? माहिती एकाच्याच डोक्यात राहण्याचा फायदा ज्याला होतो, तो वही होऊ देत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'तून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी ती केली. तेवढं धारिष्ट्य ज्यांना होत नाही, त्यांनी निदान बायको-मुलींना सातबारा वाचून दाखवावा. जमीन द्यायची की नाही हा पुढचा वाद; ती किती आहे हे कळण्यात कोणाचं काय जातं?

तरीही सगळा भार घरांवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. संस्थांनी वर्षानुवर्षं या अंधाराचा आरामात फायदा घेतला. बँका, विमा कंपन्या, पोस्ट, सोसायटी, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, प्रत्येकाला मृत्यूचा दाखला वेगळा, त्यावर कोणाला नोटरी हवी तर कोणाला राजपत्रित अधिकारी. रिझर्व्ह बँकेने २०२३मध्ये 'उद्गम' हे पोर्टल काढलं, त्यावर तीस बँकांतल्या बेवारस ठेवी एका ठिकाणी शोधता येतात. सप्टेंबर २०२५मध्ये तिने बँकांना मृत खातेदारांचे दावे पंधरा दिवसांत निकाली काढायला आणि सगळीकडे एकसारखे फॉर्म ठेवायला सांगितलं. हे आधीच व्हायला हवं होतं. आणि महाराष्ट्राचं एक मोठं दुखणं यात बसतच नाही. इथल्या हजारो पतसंस्था बँका नाहीत, त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, छोटे दुकानदार, निवृत्त कर्मचारी यांच्या ठेवी तिथेच असतात, त्यांना बँकठेवींचं पाच लाखांचं विमासंरक्षण नाही आणि 'उद्गम'वर त्यांचा शोधही लागत नाही. ठेवीदार गेला आणि पावती सापडली नाही, तर त्या ठेवीची आठवण त्याच्या घरी करून द्यायला कोणीही बांधलेलं नाही. सहकार खात्याने पतसंस्थांच्या बेवारस ठेवींची एकत्रित यादी काढली, तर निवडणुकीआधीच्या डझनभर घोषणांपेक्षा लोकांचं अधिक भलं होईल.

दुसरं काम याहून सोपं आहे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, म्हणजे जवळपास प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या खिडकीशी जातंच. त्या खिडकीवर दाखल्याबरोबर मराठीत छापलेला एक कागद हाती द्यावा: पासबुकात ४३६ आणि २० रुपये शोधा, नोकरीतल्या माणसाच्या विम्याची चौकशी करा, शेतकरी असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे या मुदतीत जा, तीन महिन्यांत वारसनोंद लावा, शोधासाठी ही संकेतस्थळं आणि मदतीला हा फोन नंबर. छपाईचा खर्च प्रती काही पैसे येईल. कोणत्याही जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने किंवा पालिका आयुक्ताने मनावर घेतलं, तर मंत्रालयाकडून शासननिर्णय येण्याची वाट न पाहता येत्या सोमवारपासून हे सुरू करता येईल.